ईशापूर रायफलीची मागची साइट : बदलण्याआधी आणि बदलताना

खानापूर तालुक्यातला एक मुलगा नोकरीनिमित्त टेक्सासला असतो. त्याचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, माझे जुने स्नेही. मुलाने तिकडे रीतसर एक जुनी लष्करी रायफल विकत घेतली आहे, पश्चिम बंगालमधल्या ईशापूर कारखान्याची २ए१. आपल्याच देशात बनलेली आणि सेवेतून काढल्यावर तिकडच्या बाजारात गेलेली. परवा वडील मोबाइल घेऊन माझ्याकडे आले आणि त्याचा निरोप ऐकवला: "काका, मागच्या साइटची पट्टी वाकलीय. गोळी सुटली की स्लाइड जागेवरून सरकते. आणि ५० यार्डांवर सगळ्या गोळ्या सहा इंच डावीकडे लागतात. अख्खी साइटच बदलू का? बेळगावातून पार्ट पाठवाल का? आणि हे काम घरी जमेल का?" सोबत चार फोटो.

मी लष्कराच्या ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) होतो. नोकरीची वर्षं रायफलींच्या साइट (नेम धरायची मागची खाच आणि पुढचं टोक), बोल्ट (गोळी चेंबरमध्ये कोंडणारा सरकता दांडा) आणि बट (खांद्याला टेकणारं लाकूड) यांच्यातच गेली. हा प्रश्न आपल्या भागातल्या इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो. उत्तर मात्र त्यालाच उद्देशून.

बाळा, पार्टचं आधी सांगतो. बेळगावातून मी तुला काहीही पाठवणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोजले जातात. परवान्याशिवाय ते देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. बोटभर लांबीची पट्टी असली तरी कायदा तोच. दिवाळीला येशील तेव्हा बॅगेत घालून न्यायचा विचारही करू नकोस. तुझ्याकडे या रायफली आणि त्यांचे जुने भाग उघडपणे विकले जातात, तिथेच शोध.

आता मुद्द्याचं. तुझ्या निरोपात तीन तक्रारी आहेत आणि तू तिन्हींचा दोष मागच्या साइटवर टाकला आहेस. वाकलेली पट्टी आणि सरकणारी स्लाइड हे मागच्या साइटचंच दुखणं आहे, मान्य. पण गोळ्या डावीकडे जाण्याचं खापर तिच्यावर फोडायच्या आधी पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची साइट, बघ. माझ्या अनुभवात बाजूला मारणाऱ्या जुन्या रायफलीत दोष पुढे असतो आणि लोक हातोडी घेऊन मागे जातात.

मी नवा असतानाची गोष्ट. एका शिबिरात एनसीसीची .२२ रायफल उजवीकडे मारत होती. मी पट्टी बदलली. तरी उजवीकडेच. दुसरी बदलली. तेच. आमचे उस्ताद गडहिंग्लजकडचे. मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय करायलास रे? माशी बघितलास काय?" त्यांनी रायफल माझ्या हातातून घेतली, बोल्ट काढला आणि नळीचं तोंड स्वतःकडे करून उन्हात धरली. नोज-कॅपच्या, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी टोपीच्या, दोन कानांमधली माशी एका बाजूला कलली होती. ट्रकच्या फाळक्यावर आपटली असणार. पातं केसभरच कललेलं, पण सरळ समोरून बघितल्याशिवाय दिसणार नाही असं. माशी बदलली आणि पुढच्या पाच गोळ्या मधोमध आल्या. दोन चांगल्या पट्ट्या मी उगीच सोडवून परत ठोकल्या होत्या, आणि प्रत्येक ठोकण्यात पिनेचं भोक थोडं थोडं सैल होतं. ते नुकसान परत भरून येत नाही.

तर क्रम असा. बोल्ट बाहेर, मॅगझिन बाहेर, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या पोकळीत) डोळ्याने बघ आणि बोट घालून चाचप. ही सवय मला झोपेतही सुटलेली नाही, तुलाही सुटू नये. मग समोरून माशी बघ: सरळ आहे का, ती ज्या खाचेत बसवलेली असते त्या खाचेत मधोमध आहे का, हलते का. नळीचं तोंड बघ, काठावर चीर किंवा चेप आहे का. लाकूड बघ: पुढचं लाकूड एका बाजूने नळीला दाबत असेल तर रायफल तापल्यावर गोळ्या सरकत जातात. पहिल्या दोन मधोमध आणि पुढच्या डावीकडे अशी चाल असेल तर लाकडावर संशय घे. तुझ्या निरोपाप्रमाणे "सगळ्या" डावीकडे जातात, म्हणजे बहुतेक माशीच.

किती सरकवायची याचा हिशोब सोपा आहे. चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर. या ली-एनफिल्ड घराण्याच्या रायफलीत, म्हणजे .३०३ ची जुनी नंबर १ आणि तिच्याच साच्यातली तुझी २ए१, दोन साइटमधलं अंतर सुमारे साडेएकोणीस इंच असतं. तुझ्या रायफलीचं तू स्वतः मोज. ५० यार्ड म्हणजे १,८०० इंच. ६ गुणिले १९.५ भागिले १,८०० म्हणजे ०.०६५ इंच, दीड मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. एवढी माशी डावीकडे सरकवायची. नीट वाच: गोळी डावीकडे जाते तर माशीही डावीकडे. माशी नेहमी चुकीच्या मागे जाते, आणि मागची साइट आपल्याला जिकडे गोळी हवी तिकडे जाते. तुझ्या रायफलीच्या मागच्या साइटला डावं-उजवं करायची सोय नाही, म्हणून बाजूची दुरुस्ती फक्त माशीतूनच होते. तरी तू मागची साइट बदलून डावं-उजवं साधायला निघाला होतास! माशी सरकवायला नोज-कॅपच्या कानांमुळे हातोडी सरळ बसत नाही. त्यासाठी स्क्रूचं छोटं क्रॅम्प मिळतं, ते घे. आधी माशीच्या आणि खाचेच्या काठावर एकच बारीक रेघ ओढ, म्हणजे किती सरकली ते डोळ्याला दिसेल.

आता मागची साइट. तिचे दोन भाग वेगळे ओळखायला शीक. खाली बेड: नळीवर बसवलेला लोखंडी पाया, ज्याच्या दोन्ही कडांना चढ असतो. तो नळीला पिन मारून आणि कथलाच्या डागाने (सोल्डरने) पक्का केलेला असतो. वर पट्टी, म्हणजे लीफ: तिच्या मागच्या टोकाला खाच, पुढच्या टोकाला आडवी पिन, आणि अंगावर आकडे. पट्टीवर स्लाइड फिरते, स्लाइड बेडच्या चढावर टेकते आणि पट्टी वर उचलली जाते. पट्टीखाली चपटी स्प्रिंग असते, ती पट्टीला जागेवर घट्ट धरून ठेवते.

"अख्खी साइट बदलू का" याचं माझं उत्तर: नाही. बेडला हात लावू नकोस. डाग सोडवायला नळीला आच द्यावी लागते, आणि घरी गॅसच्या टॉर्चने ती किती लागते यावर ताबा राहत नाही. कथील वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्याने पोलादाचं काही बिघडत नाही, पण हौशी माणूस तिथे थांबत नाही. बेड परत बसवताना तो नळीच्या मधल्या रेषेपासून केसभर तिरका झाला तर रायफल आयुष्यभर तिरकी बघणार. ज्याच्या कडेचे चढ झिजून खड्डे पडलेत, किंवा ज्याचा पिनेचा कान तुटलाय, तेवढाच बेड बदलायचा, आणि तोही कसलेल्या कारागिराकडून. तुझ्या फोटोत बेड ठणठणीत आहे. तुला फक्त पट्टी हवी, आणि कदाचित स्लाइड.

कदाचित म्हणतो, कारण स्लाइड सरकण्याचं कारण दोनपैकी एक असतं. स्लाइडचं अडकवण्याचं दात झिजलेलं असतं, किंवा पट्टीच्या काठावरचे दाते झिजलेले असतात. भिंग घेऊन बघ. दाते टोकदार असतील तर ठीक, गोल गुळगुळीत झाले असतील तर पट्टी गेली. आणि तिसरी गोष्ट आधी कर: स्लाइड काढून रॉकेलमध्ये रात्रभर ठेव. जुन्या ग्रीसचा घट्ट झालेला चिकटा दात पूर्ण बसूच देत नाही. अशा स्लाइड मी धुऊन परत चालू केलेल्या आहेत, एक पैसाही न खर्चता.

पट्टी विकत घेताना आकडे बघूनच घे. .३०३ च्या पट्टीवर खुणा २,००० यार्डांपर्यंत असतात. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने हीच रायफल ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी नव्याने बनवली ती २ए. तिच्यावर आधी जुनीच २,००० ची पट्टी होती. पुढे ८०० मीटरची पट्टी लावली आणि नाव झालं २ए१. म्हणजे तुझ्या रायफलीच्या नावातला शेवटचा १ हा या पट्टीमुळेच आलेला आहे. .३०३ ची मार्क ७ गोळी १७४ ग्रेनची, सेकंदाला सुमारे २,४४० फूट वेगाची. ७.६२ ची लष्करी गोळी हलकी आणि २,७०० च्या वर जाणारी, तिची वाट जास्त सपाट. .३०३ ची पट्टी लावलीस तर ती जागेवर बसेलही, पण लांबच्या अंतरावर आकडे खोटं बोलतील. स्वस्त मिळते म्हणून घेऊ नकोस. ८०० ची घे.

काम करायला लागणारी हत्यारं थोडी आहेत. पिनेच्या मापाचा पंच, सुरुवातीला मारायला एक आखूड पंच, पितळी हातोडी, रबरी किंवा लाकडी जबड्यांचा व्हाइस, आणि बाभळीसारख्या कठीण लाकडाचा एक ठोकळा. ठोकळ्यात पिनेपेक्षा थोडं मोठं भोक पाड. पिन बाहेर येताना त्या भोकात उतरेल आणि बेडचा कान चारी बाजूंनी टेकलेला राहील. हा ठोकळा विसरलास तर बाकीचं काम सुरूच करू नकोस. कान तुटला की बेड गेला, आणि बेड गेला की मी वर सांगितलं ते सगळं मागे लागतं.

लाकूड पिन मोकळी दिसेपर्यंतच उघड, त्यापुढे नको. मागचा हँडगार्ड (नळीवरचं झाकणाचं लाकूड) स्प्रिंगच्या क्लिपवर नळीला धरून असतो. पन्नास-साठ वर्षांचं सुकलेलं लाकूड असतं, एका टोकाने हिसका दिलास तर क्लिपच्या रिव्हेटपासून उभी चीर जाते. आदल्या दिवशी आतून जवसाचं कच्चं तेल चोळ, दोन्ही हातांनी दोन्ही टोकं सारखी उचल. आणि समजा पुढचं मोठं लाकूड काढायचीच वेळ आली, तर एक गोष्ट काळजावर कोरून ठेव: बट कधीही आधी सोडवायचा नाही. या रायफलीत बट धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या एका लोखंडी पट्टीत (साइटच्या पट्टीत नव्हे) अडकलेलं असतं. लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवलास तर ते टोक आतून लाकूड फाडतं. आधी पुढचं लाकूड खाली, मग बट. परत जोडताना उलट, आधी बट पक्का. माझ्यासमोर आलेल्या फाटलेल्या लाकडांपैकी कितीतरी याच एका चुकीने फाटलेली होती. बघून जीव हळहळतो.

पिनेवर गंज उतरवणारं तेल सोड आणि रात्रभर विसर. सकाळी भिंगाने दोन्ही टोकं बघ. एका बाजूला पिन निसटू नये म्हणून बारीक आडवी पिन किंवा ठोकलेली खूण असते, ती आधी मोकळी कर. मग ठोकळा खाली, आखूड पंच वर, आणि एकच नेमका ठोका. हळूहळू टकटक करत बसलास तर पिनेचं डोकं पसरतं आणि ती जास्तच आवळते. पिन हलली की लांब पंच घे. शेवटी पट्टीवर अंगठा दाबून धर, खालची स्प्रिंग ताणलेली असते.

जुनी पट्टी काढलीस की फेकू नकोस. तिच्या खालच्या बाजूला बहुधा तुझ्याच रायफलीचा नंबर असेल. ती तेलाच्या कापडात गुंडाळून रायफलीच्या कागदांसोबत ठेव. नव्या पट्टीवर तो नंबर मारायचा मोह होईल, तोही टाळ. जे मूळचं नाही ते मूळचं दाखवू नये.

नवी पट्टी बसवण्याआधी माझी एक जुनी युक्ती. कापराची वडी पेटव आणि तिच्या धुरावर स्लाइडची खालची बाजू धर, काळी कुळकुळीत होईपर्यंत. आता पट्टी पिनेशिवायच बेडवर जागेवर ठेव, हलकेच दाब आणि उचल. बेडच्या दोन्ही चढांवर काजळी सारखी उमटली तर बैठक बरोबर. एकाच बाजूला उमटली तर पट्टी लंगडते, आणि खाच तिरकी उभी राहील. अशा वेळी बारीक कानस घेऊन स्लाइडची उंच बाजू एक-दोनदाच घास, पूस, परत काजळी धर, परत बघ. घासायची ती स्लाइड. बेड नाही. स्लाइड बाजारात मिळते. देवापुढे जळणारा कापूर रेंजवरही कामाला येतो: उन्हात चमकणारी माशी काळी करायला आम्ही तोच वापरायचो.

जोडताना स्प्रिंग, पट्टी आणि पिन तिन्ही एका वेळी धरायला दोन हात पुरत नाहीत. सायकलच्या चाकाची एक तार घे, पट्टीच्या रुंदीएवढा तुकडा काप, टोकं गोल घास. हा तुकडा पट्टीच्या भोकात घालून पट्टी दाबून जागेवर आण. तार भोकं एका रेषेत धरून ठेवते. मग खरी पिन एका बाजूने आत घाल, ती तारेला पुढे ढकलत दुसऱ्या बाजूने बाहेर काढते. तार पिनेपेक्षा किंचित बारीक हवी, एवढंच.

बसल्यावर तीन गोष्टी तपास. पट्टी उचलून सोडली की टक् आवाज करून बसली पाहिजे. स्लाइड प्रत्येक खाचेत अंगठ्याने दोन्ही बाजूंना ढकल, हलता कामा नये. आणि पट्टीचं मागचं टोक डावी-उजवीकडे हलवून बघ. ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. साडेएकोणीस इंचांच्या अंतरावर तिथली एक दशांश मिलिमीटरची ढिलाई १०० मीटरवर दोन सेंटिमीटर होते. साधा कागद साधारण तेवढाच जाड असतो. पट्टी आणि कानाच्या मध्ये कागद आरामात गेला तर पिन झिजलीय, नवी पिन घाल. पिन जुन्या भोकाच्या मापाने खरादावर करून घ्यावी लागली तर पोलादाची कर, खिळा कापून घालू नकोस.

ज्याच्याकडे याच घराण्यातली नंबर ४ रायफल आहे त्याच्यासाठी थोडक्यात: तिची मागची साइट नळीवर नसून डोळ्याजवळ, बॉडीवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावर) असते आणि खाचेऐवजी भोकातून बघायचं असतं. तिथे डाग वगैरे भानगड नाही, पिन काढली की साइट हातात येते. फक्त खालचा प्लंजर (स्प्रिंगवरची छोटी खुंटी) आणि स्प्रिंग उडून जातात, वर कापड धरूनच पिन काढा. दोन साइटमधलं अंतर २८ इंचांच्या वर असल्यामुळे तीच ढिलाई तिथे कमी नुकसान करते.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण खानापूर, जांबोटी, चंदगड या भागात रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक असलेली घरं आहेत, आणि वरचं वाचून कुणी हातोडी उचलेल. आपल्या कायद्यात शस्त्राची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा परवाना नव्हे. पुसणं, तेल देणं तुमचं काम, पिन ठोकणं परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, ओळखीचा टर्नर आहे म्हणून त्याच्याकडे बंदूक नेऊन त्या भल्या माणसाला अडचणीत आणू नका. घासताना, पॉलिश करताना नंबर पुसट झाला तर तोही वेगळा गुन्हा ठरू शकतो. आणि सीमेवरच्या लोकांनी परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते वाचावं. परवाना फक्त कर्नाटकापुरता असेल तर दुरुस्तीला कोल्हापूरला नेणं चालत नाही, आणि चंदगडच्या माणसाचा महाराष्ट्रापुरता असेल तर बेळगावला आणणं चालत नाही. आपल्याला बाजारहाटाला, दवाखान्याला, सोयरिकीला सीमा आडवी येत नाही, म्हणून बंदुकीलाही येत नसेल असं वाटतं. तिला येते.

आता बाळा, शेवटचं काम रेंजवर. आधी २५ यार्डांवर पाच गोळ्या, एकाच जातीच्या, पुढचं लाकूड मऊ पिशवीवर टेकवून. नळी कशावरही टेकवू नकोस. माशीचं वरचं टोक खाचेच्या दोन खांद्यांच्या रेषेत, आणि दोन्ही बाजूंना सारखा उजेड. एका गोळीवरून काही ठरवायचं नाही, पाचांचा मध्य काढायचा. डावं-उजवं माशीने दुरुस्त कर, मग ५०, मग १००. उंचीची घाई करू नकोस. जुन्या .३०३ च्या पट्टीची सर्वांत खालची खूण २०० यार्डांची असते, त्यामुळे १०० वर गोळी सुमारे तीन इंच वर लागणं हा दोष नसून तिचा हिशोबच तसा आहे. तुझ्या पट्टीवरची सर्वांत खालची खूण बघ आणि त्याच अंतरावर उंची तपास. तिथेही वर लागत असेल तर उंच माशी लागेल, खाली लागत असेल तर बुटकी. माशी वेगवेगळ्या उंचीच्या मिळतात, .०१५ इंचाच्या पायऱ्यांनी. १०० यार्डांवर एक पायरी म्हणजे पावणेतीन इंच. पट्टीची खाच घासून खोल करायला जाऊ नकोस, ती परत भरता येत नाही.

आणि वरून दुर्बीण बसवायला बॉडीला भोकं पाडायचं जे तू वडलांना बोललास, ते मला पटलेलं नाही. ज्या माणसांनी ही रायफल घडवली त्यांनी या उघड्या साइटवर विश्वास ठेवून घडवली. आधी ती नीट कर, तिच्यावर शंभर गोळ्या मार, मग ठरव.

पट्टी मिळाली की बसवण्याआधी दोन फोटो वडलांच्या मोबाइलवर पाठव: एक आकड्यांचा, एक काठावरच्या दात्यांचा, जवळून, तिरप्या उजेडात. ते रविवारी इकडे येतात, मी भिंग घेऊन बघतो.